मॅट जपायची ती कापताना

पनवेलजवळ विचुंब्यात आमच्या घरी पुढच्या खोलीत गोधड्या शिवण्याचं काम चालतं. जुन्या साड्या, आजोबांची धोतरं, बाळाची झबली, गेलेल्या माणसांचे शर्ट असं कापड लोक आणून देतात आणि त्याची गोधडी करून नेतात. त्या खोलीत सगळ्यात जास्त राबणारी वस्तू म्हणजे टेबलावरची, कापड कापायची हिरवी मॅट. शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या आठवड्यातच विचारतात, "ताई, ही धुवायची कशाने?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर बराच खाली लागतो. मॅट मळाने खराब होत नाही. ती खराब होते बोथट पात्याने, एकाच जागी कापत राहिल्याने, तापल्याने आणि चिरांमध्ये अडकलेल्या तंतूंनी. धुण्याने यातलं थोडंसंच सावरता येतं. म्हणून त्या टेबलापाशी उभं राहून जे कळलं, ते कामाच्या क्रमाने सांगते.

१. मॅटची चीर कशी मिटते, ते आधी समजून घ्या.

आपण वापरतो ती मॅट पीव्हीसीच्या थरांची असते. वरचा आणि खालचा थर मऊ, मधला कडक. चांगल्या मॅटला असे तीन किंवा पाच थर असतात. पातं आत शिरतं तेव्हा मऊ थर दोन्ही बाजूंना सरकतो, त्यातलं काही कापून बाहेर निघत नाही. पातं पुढे गेलं की तो थर पुन्हा जवळ येतो आणि चीर मिटते. मधला कडक थर पात्याला आरपार जाऊ देत नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं बहुतेक आपोआप सुचतं. चिरेत काही अडकलेलं नसेल तरच ती मिटेल. पातं सरळ उभं असेल तरच काप सरळ जाईल. तिरकं धरलं तर ते मॅटचा पापुद्रा उचलतं, आणि उचलला गेलेला पापुद्रा परत बसत नाही. आणि मऊ थर मऊ राहिला तरच हे सगळं चालेल. उन्हाने, रसायनांनी तो कडक झाला की मिटणं थांबतं.

मॅट आणि गोल पातं यांची जोडी गोधडीच्या मानाने फार नवी आहे. जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये टोक मोडून नवी धार काढायचं पातं तयार केलं. त्यांच्याच ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये रोटरी कटर आणला. तो होता कपडे शिवणाऱ्यांसाठी, पण तुकडे जोडून रजया करणाऱ्यांनी तो लगेच उचलला. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलीने आखायचं आणि एकेक तुकडा कात्रीने कापायचा, एवढीच रीत होती. गोल पात्याने चार-सहा पदर एका फेरीत कापले जाऊ लागले, आणि त्या पात्याचा सगळा भार खालच्या मॅटवर आला.

२. फाडून होणारं काम मॅटवर नेऊ नका.

हे मला आमच्याकडे टाके घालायला येणाऱ्या एका मावशींनी शिकवलं. त्या घाटावरच्या, लहानपणापासून वाकळा शिवत आलेल्या. त्यांच्या हातात कटर दिला तर त्या बाजूला ठेवतात. सुती साडीला कात्रीने दोन बोटं चीर देतात आणि टर्रकन फाडतात. "ताई, कापड आपल्या धाग्यानं जातं की. पट्टी कशाला लावायची त्याला?" त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. फाडलेलं कापड उभ्या-आडव्या धाग्याला तंतोतंत धरून सरळ निघतं. मोठ्या थरासाठी याहून अचूक रीत नाही. अस्तर, आतले पदर, मागची बाजू हे सगळं आम्ही फाडूनच घेतो. मॅटवर येतात ते फक्त वरच्या नक्षीचे तुकडे: चौकोन, त्रिकोण, अरुंद पट्ट्या.

आपल्याकडची गोधडी मुळात मॅटशिवायच वाढली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी करतात, तेव्हा कडेपासून सुरुवात करून, तुकड्यांच्या कडा आत दुमडत, मध्याकडे शिवत जातात. तुकडा अर्धा बोट लांब निघाला तर घडीत जिरतो. तिथे मोजून कापण्याची गरजच नाही, आणि त्यांच्या कामाचं देखणेपण त्यातच आहे. मोजून कापलेले तुकडे मशीनवर जोडायचे असतील तेव्हाच मॅट हवी. ही सीमा ओळखली की मॅटवर होणारे निम्मे काप वाचतात.

सिंथेटिक कापूस, म्हणजे रजईच्या आत घालायची पॉलिस्टरची शीट, मॅटवर अजिबात कापू नये. पातं तिचे तंतू थेट चिरांत दाबून बसवतं आणि ते निघता निघत नाहीत. ती कात्रीने कापावी.

३. पातं बोथट झालं की त्याच दिवशी बदला.

मॅटचं सर्वात मोठं नुकसान बोथट पातं करतं. पातं बोथट झालं की कापड तुटत नाही, मग आपण दाब वाढवतो. दाब वाढवला की पातं कापड दाबत दाबत मॅटमध्ये खोल उतरतं आणि कापडाचे तंतू सोबत नेतं. धारदार पात्याला जेमतेम हाताचं वजन पुरतं. कापताना दात-ओठ आवळले जायला लागले की पातं बदलायची वेळ झाली, असं मी मुलींना सांगते.

पात्याला खाच पडली तर ती लगेच कळते: दर फेऱ्याला ठरावीक अंतरावर एक धागा न कापलेला राहतो. मग आपण त्याच रेषेवरून पुन्हा पातं फिरवतो, तिसऱ्यांदा फिरवतो, आणि मॅटवर खोल घळ तयार होते. रोजच्या कामाला ४५ मिलिमीटरचं पातं योग्य. वळणं कापायला २८ चं घ्यावं. मोठं पातं अरुंद वळणावर आडवं ओढलं जातं आणि मॅटची साल काढतं. कागदाच्या साच्यांसाठी जुनं पातं वेगळ्या दांड्याला लावून ठेवावं. कागद पात्याची धार लवकर घालवतो.

नवं पातं महाग वाटतं, म्हणून ते पुरवून पुरवून वापरण्याची आपली सवय. हिशेब उलटा आहे. पात्याच्या किमतीत केलेली काटकसर मॅटच्या किमतीत भरावी लागते.

४. जुनं कापड मॅटवर येण्याआधी हाताने चाचपा.

नव्या कापडाला टाचण्या असतात तेवढ्याच; जुन्या कपड्यात काय काय निघतं. लाँड्रीच्या चिठ्ठीची पिन, शर्टाच्या काजाआडचं तुटलेलं बटण, परकराच्या नेफ्यातली सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक. यातलं काहीही पात्याखाली आलं की पात्याला खाच आणि मॅटला खळगा. साडीचे जरीचे काठ मी नेहमी कात्रीने वेगळे करते. खऱ्या जरीत धातूची तार असते आणि ती धार खाते. हल्लीची प्लॅस्टिकची जरही पात्याला जड जाते. काठ पुढे गोधडीच्या किनारीला लागतातच, तेव्हा ते अखंड वेगळे निघाले तर बरंच.

जुन्या मऊ साडीची आणखी एक गोष्ट आहे. शेकडो धुण्यांनी तिचे तंतू झिजून आखूड झालेले असतात, म्हणून ती कापताना लव फार सोडते. कापण्याआधी तिला हलकी खळ करून इस्त्री केली तर कापड ताठ राहतं, सरकत नाही, आणि मॅटवर लव कमी उरते.

५. मोजायचं पट्टीने, मॅटवरच्या चौकटीने नाही.

नवशिके कापडाची कड मॅटवरच्या रेषेला लावतात आणि त्याच रेषेवर कापतात. याने दोन नुकसानं होतात. स्वस्त मॅटवरची छपाई थोडी वाकडी असू शकते. दर तुकड्याला एक मिलिमीटर जास्त गेला तर वीस तुकड्यांच्या ओळीत दोन सेंटीमीटरची तफावत येते, आणि शेजारची ओळ तिला जुळत नाही. दुसरं म्हणजे सगळे काप त्याच चार रेषांवर पडतात. तिथली छपाई पुसते, घळ पडते, आणि मग पातं त्या घळीत आपणहून घसरायला लागतं. जाड पारदर्शक पट्टीने मोजा आणि कापड मॅटवर रेषांपासून हटवून ठेवा.

मॅट दर काही दिवसांनी अर्धी वळवा. खालची बाजूही वापरात घ्या. बहुतेक मॅटवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात, दोन्ही बाजू कापण्यासाठीच आहेत. आपण सगळे उजव्या हाताच्या सोयीने ठरावीक पट्ट्यातच कापतो, त्यामुळे मॅटचा एक पट्टा झिजून जातो आणि उरलेली कोरी राहते. वळवली की झीज सगळीकडे वाटली जाते.

६. रोजची सफाई कोरडी.

काम संपलं की मॅट ओल्या फडक्याने पुसायची घाई करू नका. ओलं फडकं लव गोळा करत नाही, ती चिरांत चिकटवतं. आधी साधा पांढरा खोडरबर घ्या आणि चिरांना आडवा घासत चला. रबराच्या कणांबरोबर चिरेतले तंतू गुंडाळून वर येतात. इतकं स्वस्त आणि इतकं गुणाचं दुसरं साधन मला मिळालेलं नाही. भांडी घासायची नायलॉनची जाळी, न वापरलेली, कोरडी, गोल गोल फिरवली तरी चालतं. तारेची घासणी मात्र नको. ती छपाई खरवडते आणि नव्या चिरा पाडते. हट्टाने बसलेला एखादा धागा भुवयांच्या चिमट्याने ओढून काढावा.

खोडरबर काम झालं की डब्यात ठेवा, मॅटवर किंवा पट्टीवर विसरू नका. शाळेच्या कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. रबर मऊ ठेवणारं द्रव्य शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं, त्याचा तो परिणाम. मॅटमध्येही तसलंच द्रव्य असतं. म्हणून पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर मॅट महिनोन् महिने पडून राहिली तर ती पॉलिशला चिकटते आणि उचलताना पॉलिश घेऊन येते. खाली जुनी सुती चादर अंथरावी.

७. धुणं: गार पाणी, भांड्यांच्या साबणाचे थेंब, मऊ ब्रश.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. रोज वापर असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी मॅट धुवावी. चार लिटर गार पाण्यात पाव कप पांढरं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. परदेशी पुस्तकांत मॅट बाथटबमध्ये बुडवायला सांगतात. आपल्या घरात टब नाही आणि मोठी मॅट बादलीत मावत नाही. तिला वाकवून बादलीत कोंबू नका. मी बाथरूमच्या सपाट लादीवर मॅट पसरते, हे पाणी जुन्या टॉवेलमध्ये पूर्ण भिजवून तो टॉवेल मॅटवर पंधरा-वीस मिनिटं अंथरते. मग मऊ ब्रशने आधी चिरांच्या दिशेने, नंतर आडवं घासायचं, आणि गार पाण्याने साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. टॉवेलने टिपून, पंख्याखाली, सपाट जागेवर वाळवायचं. गिझरचं पाणी नको आणि गच्चीवरचं ऊन नको.

व्हिनेगरविषयी फार बोललं जातं. मॅट पाणी "पिते" आणि व्हिनेगरने पुन्हा मऊ होते, असं सांगणारेही भेटतात. पीव्हीसी पाणी शोषून घेत नाही, त्यामुळे ते मला पटत नाही. खरं काम साबण आणि ब्रश करतात. त्यांनी तंतू निघाले की चिरा मिटतात आणि मॅट मऊ झाल्यासारखी वाटते. व्हिनेगरचा उपयोग वेगळा आहे. बोअरच्या पाण्याने मॅटवर पांढरा क्षार बसतो आणि रेषा धूसर होतात. तो क्षार आम्लात विरघळतो. तुमच्याकडे नळाचं गोड पाणी असेल तर व्हिनेगरशिवायही मॅट तितकीच स्वच्छ होईल.

८. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, घासलेट: यातलं काहीही मॅटला लावू नका. डाग जाईल, पण वरचा थर चिकट होईल आणि पुढे तडकेल. खोबरेल तेलाने गोंद सुटतो खरा, पण ते चिरांत राहतं आणि पुढच्या पांढऱ्या मलमलीवर उतरतं. शिंप्याचा खडू साबणाच्या पाण्याने जातो. बॉलपेनची शाई मात्र पीव्हीसीत आतवर पसरते आणि ती निघत नाही, तेव्हा मॅटपाशी बॉलपेन ठेवूच नये.

९. इस्त्री दुसऱ्या टेबलावर. चहाही.

कापडावर इस्त्री करून लगेच तिथेच कापण्याचा मोह होतो. सुती कापडाच्या खुणेवर इस्त्रीचा तळ २०० अंशांच्या आसपास तापतो, आणि मॅट त्याच्या निम्म्याहून कमी उष्णतेतच मऊ पडून आकार सोडते. उकळत्या चहाचा स्टीलचा पेलासुद्धा मॅटवर गोल उंचवटा उठवतो. त्या उंचवट्यावर पट्टी ठेवली की ती डुगडुगते, आणि डुगडुगत्या पट्टीलगत फिरणारं पातं कधी बोटावर येईल ते सांगता येत नाही.

आमच्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पत्र्याखालची खोली, पश्चिमेची खिडकी, उन्हात उभी गाडी, या तीन जागा मॅटला वर्ज्य. चाळीस अंशांच्या दुपारी बंद गाडीतली हवाच साठ अंशांच्या घरात जाते. मॅट भिंतीला टेकवून उभी ठेवली तर उन्हाळ्यात ती आपल्याच वजनाने कमान घेते. दिवाणावरच्या गादीखाली, प्लायवर सपाट, हीच तिची उत्तम जागा. थोडाच बाक असेल तर सपाट लादीवर ठेवून वर जड पुस्तकं रचावीत, काही दिवसांत बराच उतरतो. तापून लाटा आलेली मॅट पूर्वीसारखी होत नाही.

१०. पावसाळ्यात बुरशी लागते ती मॅटला नाही, तिच्यातल्या खळीला.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गाढी नदीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम सोडतात. त्या दिवसांत मॅटच्या चिरांमध्ये बारीक काळे ठिपके दिसू लागतात. चिरांत सुती तंतू असतात, तंतूंवर खळीचा पिठूळ अंश असतो, वर ओल मिळते. बुरशीला आणखी काय हवं? म्हणून वर्षातली सर्वात कसून सफाई मे संपताना करून घ्यावी, आणि पावसाळाभर खोडरबर एकही दिवस चुकवू नये. मॅट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. दमट हवेत शाई मॅटवर उमटते, तिथून कापडावर.

११. मुंबईहून आणताना गुंडाळी करू नका.

कापडासाठी मंगलदास मार्केटला गेलं की बरेच जण तिथल्या बाजारातून मॅटही घेतात. दुकानदार गुंडाळून, रबर लावून देतात. हार्बर लोकलने पनवेलला पोचेपर्यंत सव्वा तासाच्या आसपास, पुढे रिक्षा. उकाड्यात इतका वेळ गुंडाळी राहिली की बाक बसतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून घ्यावी आणि डब्यात मागच्या भिंतीलगत सरळ उभी धरावी. लोकलमध्ये सांभाळायला ए-२ आकार, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर, सोयीचा. ए-१ त्याच्या दुप्पट असते. ती शक्यतो घरपोच मागवावी, आणि आल्याबरोबर सोडवून सपाट करावी.

१२. मॅट संपते तेव्हा.

खोडरबर, ब्रश सगळं करूनही पातं घळीत अडकत राहिलं, कापडाखाली धागे न कापलेले राहू लागले, की मॅट संपली असं समजावं. सगळी मात्र संपलेली नसते. कडांचा भाग बहुधा शाबूत असतो. जाड कटरने पट्टीलगत पुन्हा पुन्हा चीर देऊन आणि वाकवून तो वेगळा करता येतो. असे वहीएवढे तुकडे मशीनशेजारी दोरे-कोपरे छाटायला फार उपयोगी पडतात. माझ्या प्रत्येक मशीनला एकेक आहे. मावशींनीसुद्धा एक मागून नेला, सुपारी कातरायला नव्हे हं, नातीच्या चित्रकलेसाठी.

उरलेला घळीचा भाग कचऱ्याच्या ढिगावर पेटवू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओल्या हवेत त्याचं आम्ल होतं, आणि तो धूर डोळ्यांना, छातीला घातक असतो. कमी आचेवर धुमसणाऱ्या ढिगातून डायॉक्सिनही बनतात. सुक्या कचऱ्यात वेगळा द्या. आणि त्यासोबत जुनी पाती द्यायची असतील तर ती उघडी टाकू नका. आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डबीत साठवतो, भरली की चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरांत "धारदार पाती" लिहितो, आणि गाडीवर कचरा घ्यायला येतात त्या बाईंच्या हातात सांगूनच देतो.